सूर्यमाळच्या वरच्या पाड्यावर आता गाडी जाते

होळीच्या सुट्टीसाठी मी समुद्रकाठच्या खोल्या बघत बसले होते, तेवढ्यात फादरमामाचा फोन आला. आवाज तुटत होता. मोखाड्याकडे नेटवर्क मिळवायला तो घरामागच्या टेकाडावर जाऊन उभा राहतो. तो म्हणाला, "या होळीला इकडे ये. वरच्या पाड्याचा रस्ता बहुतेक पुरा होईल. झालाच तर बघायला घरचं कुणीतरी असावं असं वाटतं." मग फोन कटला. या माणसाने आजवर आमच्याकडे स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. मी खोल्यांचा नाद सोडला आणि गाडीच्या टायरमध्ये हवा भरायला निघाले.

फादर अंतोन हा माझ्या आईचा धाकटा भाऊ. आम्ही वसईचे. मामा तरुणपणीच धर्मगुरू झाला आणि टांझानियाला गेला. तिथल्या एका खेड्यात त्याचं निम्मं आयुष्य गेलं. पुढे मलेरियाने वारंवार गाठलं, गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा त्याला परत बोलावलं. वसईत विश्रांतीची जागा तयार होती. त्याने मात्र सूर्यमाळच्या पायथ्याचं केंद्र मागून घेतलं. केंद्र म्हणजे एक कौलारू घर, शाळेत जाणाऱ्या मुलांचं वसतिगृह, सिस्टर लीना चालवतात तो छोटासा दवाखाना आणि एक जुनी जीप. मी आजवर तिथे गेले नव्हते. आईने पिशवीभर सुकेळी, म्हणजे वसईची वाळवलेली केळी, बांधून दिली, सोबत गुडघ्याचं तेल दिलं, आणि मी निघाले.

वसईहून पहाटे निघालात तर महामार्गावर मनोरपर्यंत ट्रकांचा त्रास होत नाही. मनोरला उजवीकडे वळायचं आणि विक्रमगडमार्गे जव्हार गाठायचं. रस्ता एकूण चांगला आहे, फक्त विक्रमगड सोडल्यावर वळणं वाढतात आणि काही ठिकाणी डांबराच्या कडा खचल्यात, तिथे समोरून एसटी आली तर आपणच थांबलेलं बरं. मार्चमध्ये या डोंगरांत झाडं उघडी पडलेली असतात, पण अधूनमधून पळस असा काही पेटलेला दिसतो की गाडी आपोआप हळू होते. मोहाची फुलं गळायला लागली होती. काच खाली केली की तो गोडसर, थोडा आंबूस वास थेट आत येतो.

जव्हारला स्टँडजवळ कांदेपोहे आणि चहा घेतला. राजवाडा पाहायचा असेल तर इथेच वेळ काढा. मी परतताना बघू म्हटलं आणि तो राहिलाच. पेट्रोल मात्र जव्हारमध्येच भरा आणि सुटी नाणी जवळ ठेवा. होळीच्या आठवड्यात या भागात पाड्यापाड्यावरची माणसं रस्त्यावर दोरी धरून गाडी थांबवतात आणि पोस्त मागतात, म्हणजे होळीची वर्गणी. न चिडता हसून दिलं की दोरी खाली येते. एका ठिकाणी तर साडी नेसलेल्या, मिशा असलेल्या एका सोंगाने माझ्या बॉनेटवर ताल धरून गाणं म्हटलं. त्याला दुप्पट दिले.

मोखाड्यावरून खोडाळ्याला पोचले तेव्हा बाजार भरात होता. मिरच्यांचे ढीग, सुकी मासळी, प्लॅस्टिकच्या घागरी, रंगाच्या पुड्या, आणि मुंबई-भिवंडीकडून सणाला परत आलेल्या माणसांची नुसती रेटारेटी. या तालुक्यातली पुष्कळ घरं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला जातात आणि होळीला हमखास परत येतात. त्या गर्दीत अर्ध्या बाह्यांचा सदरा, खाकी पँट आणि डोक्याला पंचा बांधलेला फादरमामा एका बाईशी लसणाच्या भावावरून हुज्जत घालत होता. मला पाहून त्याने हुज्जत तिथेच सोडली. बाईने त्याला जाता जाता लसणाची आणखी एक गड्डी दिली. इथल्या बोलीत लहानथोर सगळ्यांनाच 'तू' म्हणतात, फादरलाही. "तू उद्या ये वर, काम आहे," असं त्याला वाटेत किती जणांनी सांगितलं असेल.

खानावळीत आम्ही भात, उडदाची आमटी, नागलीची म्हणजे नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली. दोघांचं मिळून शहरातल्या एका पिझ्झ्यापेक्षा कमी बिल झालं. ईस्टरच्या आधीचा आमचा उपवासकाळ चालू होता, म्हणून मामाने मटणाच्या पातेल्याकडे पाहिलंही नाही. भाकरी मोडताना तो सांगत होता की टांझानियात हेच धान्य आहे, तिकडे त्याला उलेझी म्हणतात आणि सकाळी त्याची पेज पितात. मोखाड्यात पहिल्या दिवशी कुणीतरी नागलीची आंबील पुढे केली, तेव्हा वाटी तोंडाला लावताच त्याला वाटलं होतं की आपली बदली झालीच नाही.

संध्याकाळी केंद्राच्या ओट्यावर बसून त्याने मला रस्त्याची हकीकत सांगितली. सूर्यमाळच्या वर, डोंगराच्या खांद्यावर एक पाडा आहे. सगळे त्याला वरचा पाडाच म्हणतात. तिथे जायला इतकी वर्षं पायवाट होती. आजारी माणूस असेल तर बांबूला चादर बांधून डोली करायची आणि चौघांनी खाली आणायचं. ग्रामसभेने ठराव केला, परवानगी आली, खालच्या अंगाला मशीनने थोडी माती ओढली आणि मशीन दुसरीकडे गेलं ते गेलंच. मग पाड्यातल्या लोकांनी स्वतः खणायला घेतलं. गेली दोन वर्षं, होळीला माणसं घरी आली की हात लागत होते. मामा त्यांच्याबरोबर दगड उचलत होता आणि जीपमधून पहारी, घण, घमेली पोचवत होता. आता सगळा रस्ता झाला होता. फक्त शेवटच्या वळणावर डोंगरातून एक काळा खडक असा बाहेर आला होता की बैलगाडीही पुढे जाऊ नये. सण संपला की माणसं पुन्हा भिवंडीला जाणार. खडक तसाच राहिला तर पावसाळ्यात वरून येणारं पाणी त्याच्यावर अडून खालची भर वाहून नेणार, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून.

"आणि बुधीआजी," मामा म्हणाला. मग उठता उठता म्हणाला, "ती उद्या तुला भेटेलच."

सकाळी उजाडायच्या आत मामाच्या खोलीत दिवा लागला. गुडघ्याला तेल चोळून तो खुरडत खुरडत शेजारच्या खोलीत गेला. तीच खोली चॅपेल. एक साधं लाकडी टेबल म्हणजे वेदी, भिंतीवर क्रूस, खाली चटया. उपवासकाळाचा जांभळा पट्टा गळ्यात घालून त्याने मिस्सा सुरू केली. हजर कोण, तर सिस्टर लीना, स्वयंपाकाला मदत करणारी वसईकडची एक बाई आणि मी. आसपासच्या एकाही पाड्यात ख्रिस्ती घर नाही. प्रार्थनेच्या वेळी तो नावं घ्यायला लागला. कुणाची तरी टीबीची गोळी संपत आली होती ते, कुणाच्या सुनेचे पाय सुजले होते ते, धावजीची पाठ, बुधीआजीचे कान, जामसरच्या सोमीआजीचा ताप. नावं बराच वेळ चालली.

नंतर आंबील पिताना मी त्याला विचारलं की इथे ऐकणारं कुणी नाही, मग हे रोज कोणासाठी.

"ज्यांची नावं घेतो त्यांच्यासाठी," तो म्हणाला. "त्यांनी येऊन ऐकायलाच हवं असं थोडंच आहे?" मग त्यानेच पुढे सांगितलं की तो नवा होता तेव्हा लोकांना संशय होता, आणि तो रास्त होता. परका माणूस डोंगरात येऊन फुकट औषध का देईल? त्याने कुणाची समजूत काढली नाही. रोज ठरल्या वेळी जीप काढत राहिला, एवढंच.

ती जीप काढणं म्हणजे त्याच्या दिवसाचा मोठा भाग. बॉनेट उघडून रेडिएटरमध्ये पाणी. त्यासाठीचं पाणी आंघोळीच्या बादलीतून आधीच बाजूला काढलेलं असतं, कारण मार्चपासून विहिरीचा तळ दिसायला लागतो. मग पहिली फेरी. पाय सुजलेल्या सुनेला आणि तिच्या सासूला खोडाळ्याच्या दवाखान्यात सोडलं. एका घरी गोळ्या दिल्या आणि त्या माणसाने गोळी गिळेपर्यंत मामा तिथे बसून त्याच्या कोंबड्यांची चौकशी करत राहिला. एका बाईच्या बँकेच्या कामासाठी थांबलो, तर बँकेला सुट्टी. एका घरी नुसताच चहा, कारण त्यांच्याकडे पाहुणा आला होता आणि फादरला दाखवायचा होता. दुपारी मामाने जीप एका आंब्याखाली लावली, सीटवर मागे रेलून आपलं प्रार्थनेचं पुस्तक उघडलं आणि दोन पानांतच झोपला. मी त्याला उठवलं नाही.

दुपार कलल्यावर आम्ही वर गेलो. जीप शेवटच्या वळणाखाली लावून पुढे चालत. मला धाप लागली, मामा मात्र सावकाश पण न थांबता चढत होता. पाड्यावर कुडाच्या भिंतींची, शेणाने सारवलेली घरं, अंगणात नागलीच्या काडाच्या पेंढ्या, आणि तिथून खाली पाहिलं तर डोंगरामागे डोंगर, पार धूसर होत गेलेले. एका ओट्यावर भिंतीला टेकून एक बारीकशी म्हातारी बसली होती. बुधीआजी. धावजी हा तिचा मुलगा, रस्त्याच्या कामात सगळ्यांत पुढे तोच असे.

बुधीआजीचे पाय गेल्याला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून ती पाड्याखाली उतरलेली नाही. तिला एकच बहीण, सोमी. ती जव्हारपलीकडे जामसरला दिलेली. तिनेही आता वयामुळे घर धरलंय. मामा कामासाठी जामसरला जातो तेव्हा एकीचे निरोप दुसरीला पोचवतो. त्याने एकदा तिला पाड्यावरच्याच एका उंच जागी नेऊन फोनवर दोघींचं बोलणं करून द्यायचा प्रयत्न केला होता, पण बुधीआजीला कमी ऐकू येतं आणि फोनमधला आवाज सोमीचा नाही असं तिने ठामपणे सांगितलं. आता सोमीआजी आठवडाभर तापाने पडून होती. तिने निरोप पाठवला होता की यंदा तरी ये.

मी विचार न करता बोलून गेले की मग डोलीतून नेता येईल ना.

मामाने माझं बोलणं आजीच्या कानाशी मोठ्याने सांगितलं. ती माझ्याकडे वळली.

"डोलीतून मानूस दवाखान्यात जाते," ती म्हणाली. "मी बहिनीकडं जायाची. आजारी नाय मी."

धावजीने मला नंतर सांगितलं की हा वाद घरात कितीदा झाला होता आणि प्रत्येक वेळी आजीच जिंकली होती.

खडकाजवळ सगळे पुरुष जमले होते. घण मारून मारून छिन्न्या बोथट झाल्या होत्या आणि खडकाला नुसते पांढरे ओरखडे उठले होते. सुरुंग लावायला परवानगी नव्हती. धावजी भिवंडीकडे खाणीवर काम करून आलेला. तो म्हणाला की दगड तापवून त्यावर पाणी मारलं तर तो फुटतो. टांझानियात शेतातले मोठे दगड असेच फोडताना मामाने पाहिलं होतं, त्याने मान डोलावली. पण एवढा खडक तापवायचा म्हणजे रात्रभर जाळ हवा. लाकूड पाड्याकडे होतं, महिनाभर गोळा केलेलं, पण ते होळीचं. आणि होळी त्याच संध्याकाळी होती.

पुढचं वाक्य सगळ्यांच्या मनात आलेलं दिसत होतं. होळी गावदेवापाशी, ठरल्या जागी लागते, वाडवडलांपासून. मी मामाकडे पाहिलं. तो चार पावलं मागे सरकला आणि एका दगडावर जाऊन बसला. मी जवळ गेले तर हळूच म्हणाला, "हे माझ्या तोंडून येता कामा नये. हा त्यांचा सण आहे."

शेवटी धावजीच बोलला. त्याने रामा भगताला विचारलं. पाड्याचं देवकार्य हा म्हातारा करतो, त्याच्या शब्दाबाहेर होळी हलत नाही. रामा भगत खडकापाशी गेला, त्यावर हात ठेवून उभा राहिला, मग गावदेवाच्या दिशेने पाहिलं. मीही त्याच्याकडे टक लावून होते, आणि माझा तर त्या रस्त्याशी कालपर्यंत काही संबंधही नव्हता.

"होळी तिच्या जागंवरच लागंल," रामा भगत म्हणाला. "पन तिचा इस्तव घरोघर नेतोच ना आपन? यंदा हितंही न्या. निम्मी लाकडं हितं रचा."

माणसं इतक्या झपाट्याने हलली की मी वाटेतून बाजूला झाले.

अंधार पडताना गावदेवापाशी होळी लागली. ढोल वाजायला लागले, बायका हात गुंफून नाचल्या, नारळ पडले. मामा कडेला पंचा पांघरून उभा होता, सिस्टर लीना एका लेकुरवाळीचं बाळ सांभाळत होत्या. मग धावजीने होळीतला एक जळता ओंडका उचलला आणि त्याच्या मागे सगळा पाडा निघाला, ढोलासकट. बुधीआजीला दोघांनी पाटावर बसवून आणलं. पाट चालतो, डोली चालत नाही, हे मी मनात नोंदवलं आणि विचारायचं टाळलं. खडकावर रचलेल्या लाकडांना विस्तव लागला, काळा दगड लालसर उजेडात आला, आणि बायकांनी तिथेही फेर धरला. त्यातल्या एकीने माझा हात धरून मला आत ओढलं.

आम्ही खाली उतरलो. जाळ घालायला माणसं आळीपाळीने वर थांबली.

दुसऱ्या दिवशी, धुळवडीला, प्रश्न होता पाण्याचा. पाड्याची विहीर खाली उतारावर, आणि तिच्यात तळाशी जे काही होतं ते प्यायचं. खडकावर ओतायला पाणी मागणार कोण आणि कुठल्या तोंडाने? आम्ही पोचलो तेव्हा धावजी हाच विचार करत निखाऱ्यांसमोर उकिडवा बसला होता. तेवढ्यात उतारावरून बायका येताना दिसल्या. पुढे धावजीची बायको. प्रत्येकीच्या डोक्यावर भरलेला हंडा. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं, त्यांनी विहिरीवर आपसातच ठरवलं होतं की आज रंग खेळायला पाणी काढायचं नाही, ते इथे ओतायचं. मामाने ते पाहिलं. चष्मा पुसला, पुन्हा घातला.

निखारे बाजूला ओढले आणि पहिला हंडा ओतला. वाफेचा लोट उठला, आम्ही सगळे मागे पळालो. दुसरा हंडा, तिसरा. मग खडकाच्या पोटातून कडाडकन आवाज आला, असा की खालच्या झाडीतले पक्षी उडाले. धावजीने वाफेतच पुढे जाऊन पहार लावली आणि भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा दगडाचा मोठा तुकडा सुटून आला. तिथून पुढे काही विचारू नका. पुरुषांनी घण घातले, बायकांनी आणि मी तुकडे वाहिले, सिस्टर लीनांनी फुटलेल्या बोटांना पट्ट्या बांधल्या, फादरमामा गुडघा विसरून दगड लोटत होता. खडकाचा मधला भाग दाद देईना तेव्हा पुन्हा जाळ केला, पुन्हा हंडे आले. सगळ्यांची तोंडं राखेने काळी झाली होती. त्या दिवशी रंगाची गरजही नव्हती.

उन्हं उतरायला लागली तेव्हा धावजीने वळणावर दोन्ही हात पसरून रुंदी मापली, चार पावलं चालला आणि मामाकडे वळून म्हणाला, "आन गाडी."

मामा जीप घेऊन आला. वळणावर मागची चाकं एकदा सरकली, खाली दरीकडे खडी घरंगळली. माणसांनी चाकाखाली दगड सारले, दहा-पंधरा हात मागून लागले, मामाने पहिल्या गिअरमध्ये गाडी दाबली आणि जीप धुरळा उडवत वर आली. पाड्याच्या अंगणात येऊन थांबली. एक म्हातारा जवळ येऊन टायरला हात लावून गेला.

रामा भगताने बॉनेटला कुंकू लावलं, चाकापुढे नारळ फोडला. मामा स्टिअरिंगवर बसूनच हात जोडून होता. भगत त्याच्या खिडकीशी गेला आणि म्हणाला, "तू पन तुझ्या देवाला सांग." मामाने डोळे मिटले. ओठ हलले, काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. भगत तो डोळे उघडेपर्यंत खिडकीला हात लावून तसाच उभा राहिला.

पहिली फेरी कुणाची, यावर चर्चा झालीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुधीआजी नवं लुगडं नेसून, केसांना तेल लावून ओट्यावर तयार होती. तिला मागच्या लांब सीटवर पाय पसरून बसता येईल म्हणून मामाने तिथे गोधडी घातली होती. ती म्हणाली, "मी पुढं बसन." मग पुढे. धावजी आणि मी मागे. माझी गाडी केंद्रावरच राहिली. उतरताना तिने एका हाताने दाराची कडी घट्ट धरली होती, पण डोळे मिटले नाहीत. फुटलेल्या खडकाजवळ तिने मामाच्या दंडाला हात लावून गाडी थांबवायला लावली, बाहेर वाकून पाहिलं आणि "चल" म्हणाली.

खोडाळा, मोखाडा, जव्हार. वाटेत दोऱ्या आडव्या आल्या, पण पुढच्या सीटवरची म्हातारी आपल्या बोलीत जे काही बोलली त्याने प्रत्येक दोरी पोस्त न घेताच खाली आली. जव्हारला उसाचा रस प्यायलो. तिने दोन ग्लास घेतले. जव्हार सोडल्यावर जामसरचा रस्ता अरुंद आहे, पण वाहनं कमी. दोन्ही बाजूंना भाताची रिकामी खाचरं, कडेने साग. जामसर जवळ आलं तसा बुधीआजीने लुगड्याचा पदर नीट केला.

सोमीआजीचं घर रस्त्यापासून जवळच. आम्ही येतोय हे कळवलं नव्हतं. अंगणात एक म्हातारी उन्हात बसून मोहाची फुलं निवडत होती. तापाने उतरलेला चेहरा, खांद्यावर शाल. जीप थांबली तेव्हा तिने मान वर केली. मामाला ओळखून हसली, आणि मग तिचं लक्ष पुढच्या सीटवर गेलं.

धावजीने आईला उचलून खाली उतरवलं आणि तिच्या समोर नेऊन बसवलं. दोघींचे गुडघे एकमेकींना लागले.

"एवढा येळ लागते?" सोमीआजी म्हणाली.

"रस्ता नव्हता," बुधीआजी म्हणाली.

सोमीआजीने तिच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले, कानापासून हनुवटीपर्यंत, मग उलटे. आणि दोघी एकदमच बोलायला लागल्या. आता मात्र बुधीआजीला सगळं ऐकू येत होतं. धावजी पाठ फिरवून जीपचं टायर तपासत बसला. मामा आणि मी कुंपणाशी जाऊन उभे राहिलो. त्याचे डोळे वाहत होते आणि त्याने ते लपवले नाहीत. बाकी मोठं काही घडलं नाही. आठवडाभराच्या तापातून नुकतीच उठलेली सोमीआजी भिंत धरून उठली, सुनेला बाजूला सारून तिने स्वतः तांदळाच्या भाकऱ्या थापल्या आणि आम्हाला वाढल्या. पहिली भाकरी करपली होती. बुधीआजीने ती मागून घेऊन खाल्ली आणि तुला अजून जमत नाही म्हणून बहिणीला सुनावलं.

निघायची वेळ झाली तर बुधीआजी जागची हलेना. ती राहणार होती. किती दिवस, ते तिने सांगितलं नाही. मामाला म्हणाली, "तू जा. तुला काम आहे."

परत येताना पुढची सीट मला मिळाली. मामा सगळी वाट कसलंसं टांझानियातलं गाणं गुणगुणत होता, धावजी मागून ढोलासारखा पत्रा बडवत होता. मी मामाला विचारलं की इतक्या वर्षांत असा दिवस किती वेळा आला. तो म्हणाला की फारसा नाही, बाकीचे दिवस रेडिएटरमध्ये पाणी घालायचे असतात. आणि मग तो इतका मोकळा हसला की धावजीनेही, काय झालं ते न कळता, हसायला सुरुवात केली.

मी त्यानंतरच्या सकाळी मिस्सेला बसून वसईला परतले. मामाच्या नावांच्या यादीत त्या दिवशी माझंही नाव होतं.

ज्यांना या भागात जायचं आहे त्यांच्यासाठी थोडं. होळीच्या आसपास गेलात तर पळस, मोह आणि सण तिन्ही मिळतील, पण पाण्याची टंचाई असते. आपलं पाणी बरोबर न्या आणि पाड्यावर कुणाकडे मागताना ते कुठून वाहून आणलंय याची जाणीव ठेवा. फोटो विचारून काढा. राहायला जव्हारमध्ये लहान हॉटेलं आहेत. आणि वरच्या पाड्यावर गेलात तर गाडी शेवटच्या वळणावर पहिल्या गिअरमध्ये ठेवा.

मी पुष्कळ फिरले आहे. घाट चढले, पूल ओलांडले, आणि रस्ता हा असतोच असं धरून चालले. या वेळी पहिल्यांदा मी एक रस्ता नव्हता तो होताना पाहिला, आणि त्याच्यावरून पहिल्यांदा कोण कुठे गेलं तेही पाहिलं. तळव्यांवरचे फोड गेले. वाफेच्या लोटात दिसलेले ते हंडे मात्र कामाच्या भलत्या वेळी डोळ्यांसमोर येतात, आणि ताठ बसावंसं वाटतं.

गेल्या आठवड्यात मामाचा टेकाडावरून फोन आला. बुधीआजी जामसरहून परतली होती, आणि एकटी नव्हती. सोमीआजी जीपमध्ये बसून तिच्यासोबत वर आली होती. बहिणीचं सासर तिने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. मामा सांगत होता की अंगणात उतरल्यावर ती आधी घराकडे गेलीच नाही. धावजीचा हात धरून कड्याच्या बाजूला गेली आणि खाली पसरलेले सगळे डोंगर बघत उभी राहिली. मग बहिणीकडे वळून म्हणाली, "एवढ्या उंच दिली होती तुला?"